आसिलकानच्या दंडाभोवती

मित्रांनो, आधी एक विनंती. माझी पेटी उघडू नका. माझ्या पोटात पारा आहे आणि पारा विषारी असतो. मी कोण, ते मी झाकणाआडूनच सांगतो.

मी एक जुना रक्तदाबमापक आहे. काचेची उभी नळी, शेजारी आकड्यांची पट्टी, दंडाला गुंडाळायचा कापडी पट्टा आणि मुठीत धरून दाबायचा रबरी फुगा, एवढाच माझा देह. हल्लीची यंत्रे बटण दाबले की स्वतःच हवा भरतात आणि स्वतःच आकडा दाखवतात. मला मात्र नेहमी माणूस लागला. फुगा दाबायला हात लागतो, नाडीचा ठोका ऐकायला स्टेथोस्कोप लावलेला कान लागतो आणि त्या क्षणी पारा कुठे होता ते पाहायला डोळे लागतात. मग तो माणूस जे सांगेल, तेच जगाला कळते. मला वाचा नाही. याचे दुःख मला फार उशिरा झाले.

माझा जन्म झाला तेव्हा किरगिझ लोकांचा डोंगराळ मुलूख एका फार मोठ्या देशाचा भाग होता. त्या देशातल्या कुठल्याशा दूरच्या कारखान्यात एका बाईने माझ्या नळीत पारा भरला, मला उजेडासमोर धरले आणि मान हलवून पुढे सरकवले. मग आगगाडी, मग मालमोटार, आणि शेवटी पहाडाच्या पायथ्याशी असलेले आक-तेरेक नावाचे गाव. तिथल्या एका खोलीच्या दवाखान्यात मी पोचलो. त्याच हिवाळ्यात आसिलकानही तिथे नोकरीला लागली.

आसिलकान डॉक्टर नव्हती. आमच्या डोंगरातल्या गावांत डॉक्टरच्या जागी एक बाई असते. ती सुई टोचते, बाळंतपण करते, ताप उतरवते आणि गरज पडली तर दातही उपटते. आसिलकान ती बाई होती. गालांवर थंडीची लाली, कमरेला जाड पट्टा आणि चालणे असे भरभर की मी पेटीत हिंदकळायचो.

ते माझे सुखाचे दिवस होते. उन्हाळ्यात मेंढपाळ कळप घेऊन वरच्या कुरणांवर जात. आसिलकान मला खोगिराला बांधून त्यांच्या मागे जाई. नमद्याच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या, तंबूत आम्ही शिरलो की माणसे बाह्या वर करून रांगेत बसत. एक म्हातारा तर एका दंडावर कधीच समाधानी होत नसे.

"दुसऱ्यालाही बांध, पोरी," तो म्हणे. "नाहीतर तो रुसेल."

आसिलकान हसून दुसऱ्या दंडाला पट्टा बांधी.

एकदा उलकान नावाची गरोदर बाई डोके दुखते म्हणून आली. तोंड सुजलेले, डोळ्यांपुढे ठिणग्या. सोबत आलेली सासू म्हणाली, "आठव्या महिन्यात सगळ्याच सुजतात." आसिलकानने पट्टा बांधला आणि माझा पारा असा चढला की तिचा चेहरा उतरला. तिने वाद घातला नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गवत पसरले, उलकानला त्यावर निजवले आणि घाट ओलांडून तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. उलकान वाचली, तिचा मुलगाही वाचला. पुढे ती मला त्या मुलाचा मामा म्हणू लागली. एखाद्या पेटीला यापेक्षा मोठा मान कोणता मिळणार?

पुढे तो मोठा देश मोडला. दवाखान्यात कोळसा येईना, मग औषधे येईनात. आसिलकान मात्र येत राहिली. कित्येकदा तिच्याकडे द्यायला काहीच नसे. फक्त मी असे. ती पट्टा बांधी, आकडा सांगे आणि माणसाचा हात थोडा वेळ धरून ठेवी. बऱ्याच वर्षांनी नवी इमारत झाली, नवी परिचारिका आली, तिच्याबरोबर बटणाचे यंत्र आले. आसिलकान निवृत्त झाली. माझी रवानगी अडगळीत होणार होती, पण तिने मला मागून घेतले आणि घरी आणून खिडकीच्या फळीवर ठेवले.

घरात तिचा नवरा तोक्तोसुन होता. जन्मभर त्याने मेंढ्या राखल्या आणि खोगिरे बनवली. आता चार पावले चालला तरी त्याला धाप लागे. धाकटा मुलगा रशियात बांधकामावर होता. त्याची बायको मेरिम आणि त्यांच्या दोन मुली याच घरात राहत. मेरिम सासूला आपा, म्हणजे आई, म्हणे.

मित्रांनो, आता मी तुम्हाला आसिलकानच्या दुखण्यांबद्दल सांगतो.

ती एकदम आली नाहीत. पहिला आला तो रक्तदाब, म्हणजे माझ्याच खात्यातला. एका सकाळी तिने पट्ट्याचे टोक दातांत धरून तो स्वतःच्याच दंडाला गुंडाळला, फुगा दाबला, ऐकले आणि "हं" म्हणाली. रोग्यांपुढे ती असेच "हं" म्हणत असे. काही वर्षांनी रक्तातली साखर वाढली. मग गुडघे गेले. आयुष्यभर घोड्यावर बसलेले आणि बाळंतिणींपाशी जमिनीवर टेकलेले ते गुडघे होते. शेवटी हृदय थकले. संध्याकाळपर्यंत तिचे पाय इतके सुजत की नमद्याचे बूट चढत नसत.

जिल्ह्याच्या गावात हृदयाचा डॉक्टर वेगळा, साखरेचा वेगळा, हाडांचा वेगळा. माणसे भली होती, पण प्रत्येकाच्या दाराबाहेर गर्दी असे आणि प्रत्येक जण आपल्यापुरते पाही. घरी आल्यावर ते सगळे आसिलकानच्या एकाच देहात भांडू लागत. साखरेसाठी चालायला हवे, तर गुडघे चालू देत नसत. हृदयासाठी पाणी कमी प्यायचे, तर साखरेने तोंडाला कोरड पडे. उलकानने बाजारातून आणून दिलेली गुडघ्याची गोळी घेतली की दोन पावले सुखाची पडत, पण दुसऱ्या दिवशी माझा पारा वर गेलेला असे. अंगातले पाणी उतरवायला हृदयाच्या डॉक्टरने आणखी एक गोळी दिली होती. घरात तिला सगळे पाण्याची गोळी म्हणत.

शिवाय आमच्याकडे पाहुणा आला की चादर अंथरायची, त्यावर रोटी, साय, जाम, कणकेचे तळलेले तुकडे, म्हणजे बोर्सोक, मांडायचे आणि यजमानिणीनेही खायचे. न खाणे म्हणजे पाहुण्याचा अपमान.

"एक बोर्सोक खाल्ल्याने कोणी मेलंय का?" उलकान म्हणे.

"एकाने नाही मेलं," आसिलकान म्हणे. "पण तू कधी एकावर थांबू देतेस?"

आणि खाई.

रोज सकाळी ती मला उघडे. चुलीपाशी बसलेला तोक्तोसुन विचारी, "किती आलं, म्हातारे?"

"नेहमीचंच," ती सांगे.

एका हिवाळ्यात मात्र ते नेहमीचे नव्हते. पारा दर आठवड्याला थोडा थोडा वर थांबत होता. तिला तो दिसत होता, मला तो दिसत होता, आणि ती "नेहमीचंच" म्हणून झाकण लावत होती. मग मी आणखी एक गोष्ट पाहिली. मेरिम पाण्याची गोळी तिच्या हातावर ठेवून दूध काढायला जाई. ती गेली की आसिलकान चुलीचे लोखंडी झाकण उचले, गोळी आत टाके आणि वर दोन शेणकुटे सरकवी. कधी कधी नाही, रोज.

मला काही उमगेना. हीच बाई लोकांना गोळ्या चुकवल्याबद्दल घरात शिरून रागावायची. आता हिला जगायचे नाही का? मी फळीवर बसून पाहत होतो. सगळे दिसत असूनही मी मुका होतो.

हिवाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. सकाळी तोक्तोसुन आत आला तर आसिलकान रजयांच्या गठ्ठ्याला टेकून ताठ बसलेली. ओठ निळसर झाले होते.

"अशी का बसलीस?"

"हवा खातेय."

"घरात?"

तिला उत्तर द्यायला श्वास पुरला नाही. एवढ्यात मेरिम दुधाची बादली घेऊन आली. तिने एकदा सासूकडे पाहिले, बादली दारातच ठेवली आणि मला फळीवरून उचलले. हिवाळ्याच्या रिकाम्या दुपारी आसिलकाननेच तिला माझा वापर शिकवला होता.

"राहू दे," आसिलकान म्हणाली. "मघाशी पाहिलंय. नेहमीचंच आहे."

"मग मी पाहिलं तर काय बिघडलं?"

आमच्याकडे सून सासूला असे उलटून बोलत नाही. मेरिमने पट्टा नीट बांधला. फुगा दाबला. हवा सोडली. ठोका उमटला तेव्हा पारा जिथे होता, तिथे तो मी उलकाननंतर कोणाच्याच दंडावर पाहिला नव्हता.

"किती?" तोक्तोसुनने विचारले.

आसिलकानने सुनेकडे पाहिले. सांगू नकोस, असे ते पाहणे होते. मेरिमने खरा आकडा सांगितला.

"चुकलं तुझं," आसिलकान म्हणाली. "कान नीट लावला नाहीस."

"आपा, मला तुम्हीच शिकवलंत. चुकलं असेल तर शिकवणारीचं चुकलं."

तोक्तोसुन टोपी न घालताच बाहेर पडला आणि उलकानच्या मुलाला जीपसकट घेऊन आला. म्हणजे ज्याचा मी मामा, तो. मेरिमने मला पिशवीत घातले आणि आम्ही तोच घाट ओलांडला.

रुग्णालयातली डॉक्टरीण तरुण होती आणि तिच्या डोळ्यांखाली जाग्रणाची काळी वर्तुळे होती. तिने पाय दाबून पाहिले. बोट उचलले तरी खळगा तसाच राहिला.

"गोळ्या वेळच्या वेळी घेता ना?"

"घेते."

"पाण्याचीसुद्धा?"

"घेते, बाई. आयुष्यभर लोकांना गोळ्या देत आलेय मी."

डॉक्टरणीने विश्वास ठेवला. का ठेवू नये? आणि त्याच विश्वासाने तिने जवळजवळ प्रत्येक औषध वाढवले. इतक्या गोळ्यांनीही दाब उतरत नाही, तर आणखी हव्यात, असा तिचा सरळ हिशेब. मी पिशवीत हे ऐकत होतो आणि घाबरलो होतो. घरी गेल्यावर भीतीपोटी आसिलकानने एखाद्या दिवशी हे सगळे खरोखर घेतले असते, तर माझा पारा असा कोसळला असता की ती उभ्या जागी पडली असती.

पण रुग्णालयात एक नवल घडले. तिथे आसिलकान पाण्याची गोळी निमूट घेऊ लागली. निमूट कसली, मागून घेई. तिची सूज उतरली, तिला आडवे होता येऊ लागले. मेरिम तिच्याजवळ राहिली होती. ती हे सगळे पाहत होती. एका दुपारी खोलीतल्या बाकीच्या बायका बाहेर उन्हात बसायला गेल्या, तेव्हा ती म्हणाली, "आपा, एक विचारू?"

"विचार. उपदेश नको."

"इथे तुम्ही ती गोळी मागून घेता. घरी नुसती मुठीत धरून ठेवता. एकदा मला राखेत अर्धी जळलेली गोळी सापडली होती. मला वाटलं, हातातून निसटली असेल."

आसिलकान खिडकीबाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "इथे संडास दाराशी आहे."

मेरिमला ते चटकन कळले नाही.

"तुझ्या पायांना आपलं अंगण अंगणच वाटतं," आसिलकान सांगू लागली. "संडासापर्यंत मला आधी मेंढ्यांचं कुंपण लागतं, मग लाकडांचा ढीग, मग तो उतार. तिथे सांडलेलं पाणी गोठून काच झालेली असते. गोळी घेतली की दुपारपर्यंत सारखं जावं लागतं. धावायला गुडघे नाहीत. एकदा मी पोचलेच नाही. लाकडांपाशीच झालं. तू गोठ्यात होतीस. मी ओढ्यावर गेले, बर्फ फोडला आणि कपडे धुऊन आणले."

"त्या थंडीत? मला हाक का नाही मारलीत?"

"काय सांगून हाक मारू? निम्मं गाव मी या हातांनी पुसलंय, धुतलंय. मला कधी घाण वाटली नाही. पण माझं कोणी धुवावं, हे मला सोसत नाही गं. त्यापेक्षा सुजलेले पाय बरे."

मित्रांनो, मेरिमने तिचे सांत्वन केले नाही. ती पांघरुणाची घडी सारखी करत राहिली. मग म्हणाली, "धाकटीच्या वेळी मला कितीतरी दिवस उठता येत नव्हतं. तेव्हा माझं कोणी धुतलं?"

"ते बाळंतपण होतं."

"लाज बाळंतपणातही वाटते, आपा. मी रडायची तेव्हा. तोंडावरून रजई ओढून."

आसिलकानने मान वळवली. "मला वाटायचं, तू झोपलीस."

"मलाही वाटायचं, तुम्ही गोळ्या घेता."

मग मेरिमने विचारले, "डॉक्टरणीला मी सांगू, की तुम्ही सांगता?"

"मी सांगते," आसिलकान म्हणाली. "तू बाहेर उभी राहा, आणि दार लाव."

मी मात्र आतच होतो. आयुष्यभर दुसऱ्यांची दुखणी ऐकून घेतलेल्या त्या बाईला स्वतःचे सांगताना किती अडखळायला झाले, ते मी ऐकले. डॉक्टरीण रागावली नाही. ती पलंगाच्या कडेवर बसली, सगळ्या गोळ्या तिने पांघरुणावर पसरल्या आणि वाढवलेल्यांतल्या एकेक बाजूला काढू लागली.

"बाजारातली गुडघ्याची गोळी पूर्ण बंद," ती म्हणाली. "ती दाब चढवते आणि मूत्रपिंडही खराब करते. पाण्याची गोळी मात्र सोडायची नाही. कुठे जायचं असेल त्या दिवशी परत आल्यावर घ्या, पण घ्या."

"मग गुडघे?"

"शेक घ्या, मलम लावा. पण खोटं सांगत नाही, दुखतील."

"म्हणजे श्वास हवा की गुडघे, एवढंच ठरवायचं."

"सध्या तरी तेवढंच," डॉक्टरीण म्हणाली.

आम्ही घरी आलो तेव्हा तोक्तोसुन ओसरीत लाकडाच्या भुशात बसला होता. मेरिमने त्याला निरोप धाडला होता. त्याने एका भक्कम खुर्चीच्या बैठकीला भोक पाडले होते, कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या, खाली झाकणाची बादली ठेवली होती आणि भोवती पडदा लावला होता. प्रत्येक घावानंतर दम खात त्याने ते काम केले होते.

"माझ्या खोगिरावर लोक दिवसभर बसत," तो म्हणाला. "तुला थोडाच वेळ बसायचंय."

आसिलकानने त्या खुर्चीकडे पाहिले आणि ती सरळ आत निघून गेली. "मी डब्यावर बसणार नाही," ती आतून म्हणाली. पुन्हा तीच मूठ, तेच "नंतर घेते". खुर्ची पडद्याआड तशीच उभी राहिली. मेरिमचा धीर सुटत चालला होता.

मग एक दिवस उलकान भेटायला आली. तिचेही गुडघे कामातून गेलेले. तिने पडदा बाजूला केला, खुर्चीला एक फेरी मारली आणि विचारले, "हे काय?"

मग तिने खालची बादली पाहिली. तिला कळले. ती पडद्याआड गेली आणि बऱ्याच वेळाने झगा सावरत बाहेर आली.

"वारा लागत नाही, आसिलकान," ती म्हणाली. "आणि टेकायला पाठ आहे. मी उद्याही येते."

आसिलकान हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आले आणि ते थांबेना. उलकान तिच्याजवळ बसून राहिली. दुसऱ्या सकाळी चुलीत गोळी पडली नाही.

मित्रांनो, यापुढे सगळे छान झाले असे मी सांगितले, तर ते खोटे आकडे सांगितल्यासारखे होईल. आजार गेले नाहीत. ते जाणारे नव्हतेच. एक जरा गप्प बसला की दुसरा डोके वर काढतो. गुडघे इतके दुखतात की काही दिवस ती कोणाशी धड बोलत नाही. साखरेने नजर अंधूक होत चालली आहे. उन्हाळ्यात कळप वरच्या कुरणांवर निघाला, पण तिथली विरळ हवा तिच्या हृदयाला झेपणार नाही म्हणून ती पहिल्यांदाच खाली राहिली. फाटकाशी उभी राहून धूळ खाली बसेपर्यंत पाहत होती. तोक्तोसुनही गेला नाही. धाप लागते म्हणाला. त्याला ती खरोखरच लागते.

एकदा बोर्सोकवरून मेरिम तिच्यावर ओरडली. त्या दिवशी दोघी एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नाहीत आणि घरात सगळ्यांचे जेवण कडू झाले. आजारी माणसाजवळ राहणारेही थकतात. त्यांच्याकडेही कोणीतरी पाहावे लागते.

माझे म्हणाल तर माझ्या फुग्याला चिरा पडल्या आणि हवा सुटू लागली. घरात बटणाचे यंत्र आले. पाऱ्याची जुनी यंत्रे आता गोळा करून नेतात; माझ्यासाठीही कोणी येणार आहे. तोवर मला कपाटावर ठेवले आहे. नवे यंत्र आकडा मोठ्याने बोलून सांगते, तो घरभर ऐकू येतो, त्यामुळे आता तो लपवता येत नाही. पण यंत्र आकडाच सांगते. पायात काय सलते, कशाची लाज वाटते, कुठली वाट निसरडी झाली आहे, ते कुठलेच यंत्र सांगत नाही. मीही सांगू शकलो नाही.

तुमच्या घरात माझ्यासारखा एखादा जुना भाऊबंद असेल तर त्याच्याशी खेळू नका, मोठ्यांना सांगा. आणि एखादे म्हातारे माणूस असेल, त्याच्या उशाशी गोळ्यांची रास असेल, तर "घेतली का?" एवढेच विचारून पळू नका. आज काय जड जाते, ते विचारा. आधी ते "काही नाही" म्हणेल. आसिलकान अजूनही तसेच म्हणते. मेरिम तेव्हा उठून जात नाही. ती स्वतःसाठी आणखी एक कप चहा ओतून घेते.